पोकरमध्ये सलग हरताना: नशीब किती, चूक किती

पहाटे पाचला कॅसिनोच्या जहाजावरून पणजीच्या धक्क्यावर उतरलो, गाडी काढली आणि चोर्ला घाटाला लागलो. डोक्यात एकच डाव फिरत होता. माझ्या हातात बादशहाची जोड. समोरच्याकडे चौकटचा एक्का आणि चौकटचा गुलाम. टेबलावर सगळ्यांसाठी एकदम उघडणारे पहिले तीन पत्ते, ज्याला फ्लॉप म्हणतात, ते असे: किलवरचा बादशहा, चौकटची अठ्ठी, चौकटची तिर्री. म्हणजे माझे तीन बादशहा झाले, आणि त्याला फ्लशसाठी, म्हणजे एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांसाठी, आणखी एक चौकट हवी होती. दोघांनीही समोर होत्या तेवढ्या चिप्स पुढे सरकवल्या. चौथा पत्ता, म्हणजे टर्न, चौकटची छक्की. त्याचा फ्लश लागला. शेवटच्या पत्त्यावर, म्हणजे रिव्हरला, उरलेल्या 44 पैकी 10 पत्ते मला वाचवू शकत होते. आली इस्पिकची दुर्री. वीस हजार गेले.

बेळगावहून गोव्याला पोकरसाठी जायची ती सलग सहावी खेप होती, आणि सहाही वेळा मी हरून परतलो होतो.

अशा वेळी भेटेल तो सांगतो, 'पॉझिटिव्ह राहा, दिवस बदलतात.' सांगणाऱ्याच्या मनात माया असते, पण त्याने पहाटे घाटातल्या माणसाला दिलासा मिळत नाही. मला आधार मिळाला तो हिशेबातून. पडत्या काळात नक्की काय चाललेलं असतं हे कळलं की धीर आपोआप येतो, आणि तो टिकतोही. म्हणून तो हिशेब इथे उलगडून सांगतो. पोकर न खेळणाऱ्यालाही समजेल, कारण त्यात शाळेच्या पुढचं गणित फारसं नाही.

आधी त्या डावाकडेच पाहू. चिप्स पुढे गेल्या तेव्हा गठ्ठ्यात 45 पत्ते अज्ञात होते आणि त्यातले दोन उघडायचे होते. 45 मधून दोन पत्ते निघण्याचे 990 प्रकार होतात. मी घरी कागदावर एकेक मोजले. त्यातल्या 253 प्रकारांत तो जिंकतो आणि 737 प्रकारांत मी. म्हणजे माझी बाजू 74 टक्के. पॉटमध्ये, म्हणजे डावात जमलेल्या रकमेत, एकूण 41,000 रुपये होते, तेव्हा माझा रास्त वाटा झाला 30,500. त्यासाठी मी टाकले होते 20,000. हाच डाव हजारदा खेळायला मिळाला तर मी हजारही वेळा पैसे पुढे सरकवीन.

पोकरमधलं कौशल्य ते एवढंच: टाकलेल्या पैशापेक्षा वाटा मोठा असेल अशा जागा शोधायच्या आणि उरलेले डाव सोडून द्यायचे. पत्ता कुठला उघडेल हे कुणाच्याच हातात नाही. पोकरवाले निकालावरून निर्णयाची किंमत ठरवण्याला 'रिझल्टिंग' म्हणतात आणि तो दोष मानतात. तो दोष आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेला आहे. पास झाला म्हणजे अभ्यास केला होता आणि नापास झाला म्हणजे उंडारत होता, असं म्हणतच आपण वाढलो.

आता रांगेचा विचार करा. 74 टक्क्यांची जागा एकदा हरायची शक्यता साधारण चारात एक. लागोपाठ तीनदा हरायची शक्यता सुमारे साठात एक. ऐकायला ती दुर्मीळ वाटते. पण वर्षभर खेळणाऱ्याला अशा जागा शेकड्याने मिळतात, म्हणजे तीनदा लागोपाठ मार बसणं हे त्याच्या वाट्याला ठरलेलंच आहे. ते घडल्यावर आपल्यावर काहीतरी कोप झालाय असं वाटतं. खरं तर ते कधीच घडलं नसतं तर पत्ते नीट पिसले जातात की नाही याची शंका घ्यावी लागली असती.

सहा हारी काय सांगतात?

इथे मला सर्वांत मोठा धक्का बसला, म्हणून जरा सावकाश जाऊ.

समजा एक चांगला खेळाडू आहे. दर 100 डावांमागे तो सरासरी 5 बिग ब्लाइंड कमावतो. (बिग ब्लाइंड म्हणजे डाव सुरू होण्याआधी एका खेळाडूला सक्तीने लावावी लागणारी रक्कम, 100-200 च्या टेबलावर ती 200 रुपये.) ही चांगली कमाई आहे. पण त्याच 100 डावांतला चढउतार, ज्याला गणितात प्रमाण विचलन म्हणतात, तो 90 ब्लाइंडच्या आसपास असतो. पाचाची कमाई आणि नव्वदचा हेलकावा. म्हणजे थोड्या डावांत कमाई दिसतच नाही, नुसता हेलकावा दिसतो.

डाव वाढले की काय होतं? डाव शंभरपट झाले की कमाई शंभरपट होते, हेलकावा मात्र फक्त दहापट. 10,000 डावांनंतर कमाई 500 ब्लाइंड आणि हेलकावा 900. अजूनही हेलकावाच मोठा. त्यामुळे 10,000 डाव उत्तम खेळूनही तोट्यात असण्याची शक्यता 29 टक्के उरते. एक लाख डावांनंतर ती 4 टक्क्यांवर येते. दहा लाख डावांनंतर कमाई 50,000 आणि हेलकावा 9,000. तिथे पोचल्यावर कौशल्य उघड्यावर येतं.

आता प्रत्यक्ष टेबलावर तासाला किती डाव होतात? डीलर पत्ते पिसणार, वाटणार, कोणी विचारात बुडणार. तासाला 25 ते 30. आठ तासांच्या एका रात्रीत दोनशे ते दोनशे चाळीस. एवढ्या डावांत आपल्या त्या चांगल्या खेळाडूची हरून उठण्याची शक्यता 47 टक्के निघते. नाणं उडवल्यासारखंच. आणि सलग सहा रात्री हरण्याची शक्यता? साधारण शंभरात एक. महिन्याला एक खेप अशी पाच वर्षं धरली, तर त्या काळात अशी सहाची रांग निदान एकदा येण्याची शक्यता चारात एकाच्या आसपास जाते.

दुसऱ्या बाजूनेही तपासून पाहा. समजा खेळाडू जरा कच्चा आहे, दर 100 डावांमागे 5 ब्लाइंड घालवणारा. त्याने सलग सहा रात्री हरण्याची शक्यता शंभरात दोन.

चांगल्याला शंभरात एक, कच्च्याला शंभरात दोन. एवढाच फरक! म्हणजे मी सहा वेळा हरलो यावरून मी चांगला आहे की कच्चा, हे जवळजवळ काहीच कळत नाही. घाटात मी स्वतःला जो नालायक ठरवून मोकळा झालो होतो त्याला काही आधार नव्हता. तसाच 'मी चांगलाच खेळतो, फक्त नशीब फिरलंय' या समजुतीलाही नव्हता. हे दुसरं वाक्य गिळायला मला जास्त वेळ लागला.

पूर्वी ऑनलाइन खेळणारे चार टेबलं एकाच वेळी उघडून 10,000 डाव पंधरवड्यात उरकायचे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि ती वाट बंद झाली. आता आपल्याकडच्यांना खेळायचं तर गोव्यातल्या कॅसिनोचं टेबल. महिन्याला एक रात्र धरली तर 10,000 डावांना जवळजवळ चार वर्षं लागतात. पडता काळ डावांत मोजला तर तेवढाच असतो, पण कॅलेंडरवर तो आता वर्षभर पसरतो. ज्यांनी ऑनलाइनच्या दिवसांत धीर धरायला शिकलं, त्यांनाही हा लांबलेला काळ जड जातोय.

स्पर्धा खेळणाऱ्यांचं तर आणखी कठीण. बहुतेक स्पर्धांत वरच्या साधारण 15 टक्क्यांना बक्षीस मिळतं. एखादा कसलेला खेळाडू 20 टक्के वेळा बक्षिसात येतो असं धरलं तरी सलग दहा स्पर्धांतून रिकाम्या हाताने बाहेर पडण्याची शक्यता 11 टक्के आहे.

'आता माझी पाळी' ही समजूत

18 ऑगस्ट 1913 च्या रात्री मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या चाकावर लागोपाठ 26 वेळा काळा रंग आला. दहा-पंधरा वेळा काळा आल्यावर लोक लालवर पैसे ओतत सुटले, कारण आता लाल येणारच असं प्रत्येकाला वाटत होतं. चाकाला मागचं काही आठवत नसतं. पत्त्यांनाही नसतं. सातव्या खेपेला पत्ते पिसले जातात तेव्हा सहा हारींची भरपाई त्यात मिसळलेली नसते.

मग 'शेवटी सगळं सरासरीवर येतं' हे खोटं का? खोटं नाही, आपण त्याचा अर्थ चुकीचा लावतो. याकोब बर्नोली या स्विस गणितीने त्याची सिद्धता दिली, ती त्याच्या मृत्यूनंतर 1713 मध्ये छापली गेली. मागचा तोटा भरून निघेल, असं ती सिद्धता कुठेच म्हणत नाही. ती म्हणते की पुढच्या डावांची संख्या इतकी वाढेल की मागचा तोटा त्या गर्दीत लहान दिसेल. पातेलीभर आमटीत मीठ जास्त पडलं तर ते काढता येत नाही, पण तीच आमटी मोठ्या हंड्यातल्या आमटीत ओतली तर खारटपणा जाणवत नाही, तसं काहीसं. सकारात्मक राहण्याचा जो प्रामाणिक अर्थ मला सापडला तो इथे आहे: पुढचा डाव मागच्याचं देणं लागत नाही. त्याच्याकडे वसुलीला जायचं नाही.

वसुलीची ओढ मात्र भयंकर असते. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं की तेवढ्याच रकमेच्या फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख जास्त असतं, आणि पुढच्या अभ्यासात ते सुमारे दुप्पट निघालं. 1990 मध्ये रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: तोट्यात असलेल्या माणसाला बरोबरीत येण्याची संधी विलक्षण गोड लागते. रात्री तीनला तोट्यात असलेला माणूस 100-200 चं टेबल सोडून 200-400 च्या टेबलावर जाऊन बसतो, तो याच गोडीने. मी बसलेलो आहे.

वही काढल्यावर

सहाव्या खेपेनंतर मी एक साधी दोनशे पानी वही घेतली. फोनमध्ये जे काही टिपलं होतं आणि जे आठवत होतं ते डाव त्यात उतरवले. प्रत्येक मोठ्या डावापुढे दोन आकडे: निर्णय घेताना माझा वाटा किती होता, आणि मी किती टाकले. तीन बादशहांच्या डावापुढे लिहिलं '30,500 चा वाटा, 20,000 टाकले'. शून्य मिळालं, ते लिहिलं नाही.

असे आठ-दहा डाव उतरवल्यावर एक गोष्ट दिसली. प्रत्येक खेपेतला पहिला मोठा पराभव बहुतेक वेळा असाच होता, नीट खेळून नशिबाने गेलेला. पण त्यानंतरच्या तासाभरात मी जे केलं होतं ते नशिबाच्या नावावर टाकण्यासारखं नव्हतं. एक्का-नव्वी घेऊन मोठ्या रेझला कॉल, म्हणजे समोरच्याने रक्कम वाढवली की तेवढेच पैसे टाकणं. शेवटच्या पत्त्यावर समोरचा शांत माणूस पॉटएवढी रक्कम लावतोय, माझ्याकडे एकच जोड, आणि मी 'बघूया तरी' म्हणून पैसे टाकतोय. सहाव्या खेपेत बादशहांचे वीस हजार गेले, त्यानंतरच्या दीड तासात आणखी सव्वीस. त्या सव्वीस हजारांतले जेमतेम चार-पाच हजार मला नशिबाकडे टाकता आले.

खेळातले जुने लोक याला 'टिल्ट' म्हणतात. शब्द आला पिनबॉलच्या यंत्रावरून. चेंडू हवा तिकडे जावा म्हणून खेळणारा यंत्राला धक्के मारायला लागला की त्यावर 'टिल्ट'चा दिवा लागतो आणि चेंडू उडवायचे दोन्ही दांडके बंद पडतात. चेंडू घरंगळत खाली जातो आणि बटणं दाबून काही होत नाही. टेबलावर बसलेल्या माणसाचं अगदी तेच होतं. दिवा मात्र दुसऱ्यांना दिसतो, त्याला नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की पडता काळ दोन तुकड्यांचा असतो. पहिला तुकडा पत्त्यांनी आणलेला, दुसरा आपण जोडलेला. पहिल्याला कात्री लावायचा उपाय अजून कुणाला सापडलेला नाही. दुसरा जवळजवळ सगळा कापता येतो. आणि बहुतेकांच्या हारीत दुसराच लांब असतो, हे मी बऱ्याच जणांबरोबर बसून, त्यांचे डाव ऐकून सांगतोय.

टिल्टचा एक शांत भाऊ आहे, त्याच्याकडे लक्ष जात नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सहा वेळा हरलेला माणूस चांगला हात असतानाही कमी लावतो, 'पुन्हा तसंच होईल' म्हणून. राणीची जोड असताना रेझ करायच्या जागी नुसता कॉल. तीन पत्ते जुळलेले असताना शेवटच्या पत्त्यावर चेक, म्हणजे काहीच न लावणं. हे बाहेरून सावधपणासारखं दिसतं, त्यामुळे कुणी टोकत नाही, पण जिंकायच्या डावांत अर्धेच पैसे मिळाले तर हरायच्या डावांचा खर्च निघणार कुठून? शिवाय प्रत्येक पॉटमधून कॅसिनो आपला रेक, म्हणजे आपला हिस्सा, कापून घेतच असतो. आत्मविश्वासाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. 74 टक्क्यांच्या जागेवर सातव्यांदाही तितक्याच ठामपणे पैसे पुढे सरकवता येणं.

तो ठामपणा आरशासमोर उभं राहून येत नाही. तो बराचसा पैशाच्या व्यवस्थेतून येतो. खेळासाठी वेगळी काढलेली रक्कम, जिला बँकरोल म्हणतात, ती निदान 20 ते 40 बाय-इनची असावी असा रिवाज आहे. (बाय-इन म्हणजे टेबलावर बसताना चिप्ससाठी भरायची रक्कम.) 20,000 ने टेबलावर बसायचं तर चार ते आठ लाख. नसतील तर लहान टेबल, किंवा मित्रांमध्ये पाच-दहा रुपयांच्या चिप्स. ही रक्कम घरभाड्याची, मुलांच्या फीची, कर्जाऊ आणलेली असेल तर वरचं सगळं गणित निकामी आहे, कारण हेलकाव्याच्या पहिल्याच खड्ड्यात माणूस बुडतो. पुढची सरासरी बघायला तो टेबलावर उरतच नाही. मी सहा खेपांनंतर निम्म्या रकमेच्या टेबलावर उतरलो. पहिल्या दिवशी मान खाली गेल्यासारखं वाटलं. तासाभरात हात हलके झाले.

दुसरा नियम मी घरून ठरवून जातो, टेबलावर ठरवत नाही: दोन बाय-इन गेले की उठायचं, तिथे कितीही कच्चे खेळाडू बसलेले असोत. मोठा डाव हरलो की पुढचे तीन डाव पत्ते न बघता सोडून बाहेर डेकवर जायचं, मांडवीचा वारा खायचा. तीन डाव सोडल्याने फार तर काहीशे रुपये जातात. माझ्या वहीतल्या सव्वीस हजारांपुढे ते काहीच नाहीत. आणि झोप. उपाशी, अर्धवट झोपेत, वळणावळणांचा रस्ता कापून आलेल्या माणसाने थेट टेबलावर बसू नये. हे मी आईच्या सुरात म्हणतोय हे मला कळतं, पण वहीत ते स्पष्ट दिसतं.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. हरलेलं घरच्यांपासून लपवावंसं वाटतंय, उधार मागावं लागतंय, खेळत नसताना अस्वस्थ होतंय, तर तो पडता काळ नाही, आणि या लेखातलं काहीही तिथे उपयोगाचं नाही. तेव्हा खेळ थांबवून कुणाशी तरी बोलायचं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. तिथे फोन करायला कमीपणा नाही.

वही एकट्याने लिहिली तर आपण आपल्याच बाजूने लिहितो. म्हणून मी नाशिकच्या एका मित्राला सोबत घेतलं. शाळेपासूनचा, माझ्यापेक्षा चांगला खेळतो. आमचा एकच नियम: डाव सांगताना शेवट सांगायचा नाही. कुणाकडे किती चिप्स, कोण कुठे बसलं होतं, कोणी किती लावले, हे सगळं सांगायचं आणि निर्णयाच्या जागी थांबायचं. पहिल्या काही फोनवर माझ्या तोंडून शेवट निसटायचाच, 'आणि काय सांगू, रिव्हरला...' तो लगेच अडवायचा. शेवट काढून टाकला की डावातलं रडगाणं निघून जातं आणि फक्त प्रश्न उरतो. तीन बादशहांचा डाव मी त्याला असाच सांगितला तेव्हा तो म्हणाला, "मग? घातलेस ना सगळे?" आणि पुढच्या डावाकडे वळला. सहा महिने उराशी धरलेलं दुःख त्याला दोन सेकंदही पुरलं नव्हतं.

गेल्या महिन्यातली खेप. माझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची राणी, फ्लॉपवर बदामची राणी, किलवरची नव्वी, चौकटची चौकी. पॉटमध्ये 3,000. मी फ्लॉपला 2,000 लावले, त्याने कॉल केला. टर्नला बदामची दश्शी, मी 2,500 लावले, त्याने पुन्हा कॉल केला. मी इथे थांबलो.

मित्र जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "टर्नला कमी लावलेस. पॉट सात हजारांचा झाला होता. गुलाम हातात असलेले सगळे तिथे स्ट्रेटसाठी थांबणार, त्यांना एवढं स्वस्त का द्यायचं? पाच लाव." (स्ट्रेट म्हणजे ओळीने येणारे पाच पत्ते.)

मी वहीत '5,000' लिहून खाली रेघ मारली. रिव्हरला काय आलं ते त्याने विचारलं नाही.